अक्षरांच्या राशीतून शब्द

१६३३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या हाय कमिशन नावाच्या धर्मन्यायालयापुढे उमराव घराण्यातील एका बाईंना उभे करण्यात आले. लेडी एलेनॉर डेव्हिस हे त्यांचे नाव. आपल्याला भविष्य दिसते, बायबलातील दानीएल संदेष्टा आपल्या मुखाने बोलतो, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. आणि ही भविष्ये परवान्यावाचून ॲम्स्टरडॅमला छापून घेतल्याचा त्यांच्यावर आरोप होता. आपल्या अधिकाराला त्यांनी जो पुरावा जोडला होता तो मोठा विलक्षण होता. ‘एलेनॉर डेव्हिस’ या आपल्या नावातील रोमन अक्षरे विस्कटून पुन्हा लावली की ‘रिव्हील, ओ डॅनियल’, म्हणजे ‘हे दानीएला, प्रकट कर’, असे इंग्रजी वाक्य निघते, असे त्या सांगत. बारशाच्या वेळी ठेवलेल्या नावातच ईश्वराने आपला संकेत दडवून ठेवला आहे आणि ज्याला अक्षरे लावता येतील त्याला तो वाचता येईल, हा त्या पुराव्याचा अर्थ.

न्यायासनावरील मंडळींनी धर्मवचनांच्या आधारे त्यांची समजूत घालण्याचा यत्न केला, परंतु बाई हटेनात. तेव्हा सर जॉन लँब या कायदेपंडिताने लेखणी उचलली आणि त्याच नावामागे ‘डेम’ ही पदवी लावून सतरा अक्षरांचे दुसरे वाक्य तयार केले: ‘नेव्हर सो मॅड अ लेडी’, अशी वेडी बाई दुसरी झाली नाही! त्या काळच्या सैल शुद्धलेखनाप्रमाणे ‘सो’ या शब्दाला एक ‘ई’ जास्तीची जोडली की सतराच्या सतरा अक्षरे बिनचूक बसतात. न्यायालयात हशा पिकला. बाईंना ३,००० पौंड दंड झाला आणि गेटहाउसच्या तुरुंगात जावे लागले.

हा प्रसंग इंग्रजी ग्रंथांतून गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो. वास्तविक एका स्त्रीचे स्वातंत्र्य त्यात गेले, आणि ज्या युक्तीने ती आपले म्हणणे मांडीत होती त्याच युक्तीने तिची टवाळी झाली. यात मौज अशी की, अक्षरांचा हिशेब काटेकोरपणे तपासला तर लँबचे वाक्य खरे उतरते आणि बाईंचे उतरत नाही. त्यांच्या नावात ‘एल’ हे अक्षर एकदाच येते, पण वाक्याला ते दोनदा लागते. उलट नावातील ‘एस’ला वाक्यात कुठेच जागा नाही. तत्कालीन लोकांनीही ही चूक टिपून ठेवली होती. म्हणजे श्रद्धेने जमविलेले वाक्य एका अक्षराने लंगडे, आणि थट्टेने जमविलेले निर्दोष. अक्षरांना देव ठाऊक नाही आणि थट्टाही ठाऊक नाही. त्यांना केवळ संख्या ठाऊक आहे. ही गोष्ट इंग्रजी भाषकांच्या पुरती ध्यानात यायला पुढे तीन शतके जावी लागली.

दिलेल्या अक्षरांतून शब्द काढण्याच्या या खटाटोपाला इंग्रजीत ‘ॲनाग्रॅम’ म्हणतात. सतराव्या शतकात युरोपातील शास्त्रज्ञही त्याचा उपयोग करीत, पण भविष्य सांगण्यासाठी नव्हे, तर तोंड बंद ठेवून हक्क सांगण्यासाठी. नवा शोध लागला, परंतु त्याची खात्री करून घ्यायला अवधी हवा; तोवर दुसऱ्याने तो जाहीर केला तर श्रेय गेले. अशा पेचात शोधाचे वाक्य लॅटिनमध्ये लिहायचे, त्याची अक्षरे विस्कटायची आणि ती रास मित्रांना पाठवून द्यायची. १६१० मध्ये गॅलिलिओने शनीच्या दोहो बाजूंना काही विचित्र फुगवटे पाहिले आणि ३७ अक्षरांची अशी एक रास युरोपभर पाठविली. केप्लरने ती सोडविण्याचा हट्ट धरला आणि तिच्यातून ‘मंगळाला दोन चंद्र आहेत’ अशा आशयाचे ओढूनताणून एक वाक्य काढले. उत्तर साफ चुकीचे होते. पण पुढे १८७७ साली मंगळाला खरोखरच दोन चंद्र सापडले! योगायोगाने माणसाची अशी चेष्टा क्वचितच केली असेल.

इंग्लंडात रॉबर्ट हुक याने १६७६ साली आपल्या एका पुस्तकाच्या अखेरीस अशीच चौदा अक्षरे छापली. त्याने मात्र ती वाटेल तशी विस्कटली नव्हती, तर वर्णानुक्रमाने लावली होती: आधी ‘सी’, मग ‘ई’, मग तीन ‘आय’, एक ‘एन’, एक ‘ओ’, तीन ‘एस’, दोन ‘टी’, एक ‘यू’ आणि शेवटी ‘व्ही’. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने त्यातील लॅटिन वाक्य उघड केले: जसा ताण तसे बल. स्प्रिंगेच्या काट्यावर भाजी तोलताना जो नियम कामी येतो तोच हा. येथे नियमापेक्षा महत्त्वाची आहे ती अक्षरे मांडण्याची रीत. वर्णानुक्रमाने लावलेल्या अक्षरांत मूळ शब्दांचा मागमूस उरत नाही, तरी एकही अक्षर हरवत नाही. हुकने ती रीत लपविण्यासाठी वापरली. पुढे तीच रीत शोधण्यासाठी कशी उपयोगी पडली ते यथावकाश येईलच.

प्रथम मोजणीची हकीकत पाहिली पाहिजे. इंग्रजीत कोणते अक्षर किती वेळा येते हे सर्वांत आधी ज्यांना पोटासाठी जाणून घ्यावे लागले ते छापखान्यातील जुळारी. ‘ई’चे खिळे भरपूर हवेत, ‘झेड’चे मूठभर पुरतात, हे खिळ्यांची केस पाहताच कळे. तारायंत्राच्या सांकेतिक लिपीत ‘ई’ला केवळ एक टिंब दिले आहे, त्याचे मूळही छापखान्यातच असल्याचे सांगतात, मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याने एका वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन तेथील खिळ्यांचे प्रमाण पाहिले, अशी कथा आहे. पुढे लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावर तर पहिल्या दोन उभ्या ओळींत हीच बारा अक्षरे वापराच्या क्रमाने बसविली गेली: ई, टी, ए, ओ, आय, एन, आणि मग एस, एच, आर, डी, एल, यू. विख्यात लेखक एडगर ॲलन पो याने १८४३ साली ‘द गोल्ड बग’ या कथेत गुप्त लिपी उलगडण्यासाठी असाच क्रम दिला आहे, परंतु त्यात ‘टी’ दहाव्या क्रमांकावर आहे. प्रत्यक्षात ते दुसरे. कथाकाराला ही चूक माफ असते.

याच सुमारास नव्हे, पण त्यानंतर सत्तर वर्षांनी, २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन याने हिऱ्याच्या आकाराचे पहिले शब्दकोडे छापले. १९२४ मध्ये अशा कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि अमेरिकेला त्याचे वेड लागले. लंडनच्या ‘टाइम्स’ने बराच काळ नाक मुरडून अखेर १९३० मध्ये शब्दकोड्याला जागा दिली. इंग्रज कोडेकारांनी त्यात जुना ॲनाग्रॅम पुन्हा आणून बसविला. सूचनावाक्यात ‘गोंधळलेला’, ‘विस्कटलेला’ असा एखादा शब्द आला की जाणत्याने ओळखावे, शेजारच्या शब्दाची अक्षरे उलटीपालटी करायची आहेत. असे कोडे सोडविणारा पुष्कळदा ती अक्षरे कागदावर ओळीत न लिहिता वर्तुळात मांडतो. ओळीत लिहिलेला जुना शब्द डोळ्यांपुढून हलत नाही. वर्तुळाला आरंभ नसल्यामुळे तो हलतो.

या पार्श्वभूमीवर आल्फ्रेड मोशर बट्स हा गृहस्थ येतो. १८९९ साली न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे जन्मलेला हा वास्तुशिल्पी १९३१ मध्ये बेकार झाला. मंदीची ती वर्षे. इमारती बांधणारेच नव्हते तर नकाशे कोण काढवून घेणार? रिकाम्या हातांनी बसलेल्या या माणसाने खेळांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्याला दिसले की फाशांचे नि पत्त्यांचे खेळ विपुल आहेत, बुद्धिबळासारखे सोंगट्या चालविण्याचे खेळ आहेत, पण अक्षरांचा चांगला खेळ एकही नाही. ॲनाग्रॅमचा घरगुती खेळ होता, परंतु त्यात अक्षरे अंदाजाने घेतलेली असत आणि गुण मोजण्याची सोय नव्हती. पोच्या कथेतील त्या अक्षरक्रमाने त्याला वाट दाखविली. मात्र कथाकारावर विसंबून न राहता बट्सने वर्तमानपत्रे पुढ्यात घेतली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावरील अक्षरे एकेक करून मोजली. एका बेकार माणसाने पेन्सिलीने कागदावर रेघोट्या ओढीत केलेली ती मोजणी कोट्यवधी लोकांच्या हातांतून पुढे फिरली आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांना तिचा पत्ता नाही.

‘स्क्रॅबल’ या नावाने जो खेळ जगभर झाला त्यातील शंभर सोंगट्या म्हणजे ही मोजणीच होय. ‘ई’च्या बारा, ‘ए’ आणि ‘आय’च्या नऊ-नऊ, ‘ओ’च्या आठ, ‘के’, ‘जे’, ‘एक्स’, ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांची एकेक, दोन कोऱ्या. दुर्मिळ अक्षराला गुण जास्त: ‘क्यू’ला दहा, ‘ई’ला एक. परंतु बट्सने आकडे आंधळेपणाने उतरवले नाहीत. वर्तमानपत्राच्या मजकुरात ‘टी’ आणि ‘एच’ भाराभर येतात, कारण ‘द’, ‘दॅट’, ‘धिस’ असले शब्द ओळीओळीत असतात. खेळात मात्र कोणी पुनःपुन्हा ‘द’ मांडणार नाही. म्हणून ‘टी’च्या सहाच आणि ‘एच’च्या तर दोनच सोंगट्या आहेत. ‘एस’ त्याने हेतुपुरस्सर चारवर आणले. नाही तर जो तो आयत्या शब्दाला ‘एस’ चिकटवून अनेकवचन करील आणि फुकट गुण घेऊन जाईल! व्याकरणाचा असा बंदोबस्त करणारा माणूस वैयाकरणी नव्हता, हे विशेष.

त्या यशाआधीची वर्षे मात्र फार कष्टाची गेली. पहिल्या रूपात खेळाला पट नव्हता आणि नाव होते ‘लेक्सिको’. बट्सने प्लायवुडच्या सोंगट्या घरीच कापल्या, अक्षरे वास्तुशिल्पीच्या उपकरणांनी आखली, संच तयार करून परिचितांना विकले. पेटंट नाकारले गेले. खेळणी तयार करणाऱ्या नामांकित कंपन्यांनी साभार परत पाठविले. १९३८ मध्ये शब्दकोड्याचे वारे ध्यानात घेऊन त्याने पंधरा गुणिले पंधरा घरांचा पट जोडला आणि ‘क्रिसक्रॉस वर्ड्‌स’ असे नाव दिले, तरी नकारच. दरम्यान वास्तुशिल्पाची जुनी नोकरी परत मिळाली होती आणि खेळ कपाटात पडला होता. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो या परिचिताने तो करारावर घेतला, नियम सोपे केले, नाव बदलले आणि कनेक्टिकट राज्यातील एका जुन्या शाळेच्या इमारतीत सोंगट्यांवर अक्षरे छापण्यास प्रारंभ केला. १९४९ मध्ये २,४०० संच विकले गेले आणि धंद्यात ४५० डॉलर खोट आली. १९५२ च्या उन्हाळ्यानंतर मागणी एकाएकी अशी उसळली की ब्रुनोच्या आटोक्यात राहीना. मेसीज या न्यूयॉर्कच्या प्रचंड दुकानाच्या प्रमुखाने सुटीत हा खेळ पाहिला आणि परतल्यावर आपल्याच दुकानात तो नाही म्हणून तो रागावला, अशी आख्यायिका आहे. पुढे संच लाखांनी खपले. बट्स १९९३ पर्यंत जगला. आपल्या मोजणीची फळे त्याला पाहायला मिळाली.

असा खेळ रोमन लिपीतच सहजी जन्मास यावा, याला कारण आहे. त्या लिपीत स्वर आणि व्यंजन वेगवेगळे उभे असतात, त्यामुळे शब्दाचे मणी सुटे होतात आणि दुसऱ्या क्रमाने ओवता येतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी व्यंजनाला बिलगून असतात. मराठी शब्दकोड्याच्या एका घरात ‘क’ आणि ‘आ’ अशी दोन चिन्हे बसत नाहीत, अख्खा ‘का’ बसतो. म्हणून आपल्याकडील अक्षरकौशल्य दुसऱ्या दिशेने फुलले. गोदाकाठच्या पार्थपूरचा सूर्यदास दैवज्ञ याने सोळाव्या शतकात संस्कृतात एक विलोमकाव्य रचले. डावीकडून वाचले तर त्यात रामकथा आणि उलट दिशेने वाचले तर कृष्णकथा. याच पंडिताने १५४१ साली भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली. ११५० साली पूर्ण झालेल्या भास्कराचार्यांच्या ग्रंथात ‘अंकपाश’ नावाचे एक प्रकरण आहे, आणि दिलेल्या वस्तू किती प्रकारांनी मांडता येतील याचे गणित त्यात आहे. दहा हातांच्या शंभूच्या हातांत दहा आयुधे किती प्रकारांनी देता येतील? उत्तर ३६,२८,८००. अक्षरे मांडणारा कवी आणि मांडण्या मोजणारा गणिती हे दोघे एकाच माणसात भेटावेत, असा योग इंग्रजी अक्षरक्रीडेच्या इतिहासात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आला नव्हता.

बट्सचा खेळ घराघरांत जात होता त्याच वर्षांत हिंदुस्थानात इंग्रजी अक्षरांचा निराळाच बाजार भरला होता. बक्षिसांच्या शब्दकोड्यांची जाहिरात करणारी साप्ताहिके निघत, प्रवेशशुल्क भरून हजारो लोक उत्तरे पाठवीत, आणि तुटपुंज्या पगाराच्या कारकुनाला एका रात्रीत श्रीमंत होण्याचे स्वप्न पडे. आर. एम. डी. चमारबागवाला यांची अशी कोडी बेंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून येत आणि त्याला मुंबई राज्यात मोठा ग्राहकवर्ग होता. बेळगाव त्या वेळी मुंबई राज्यातच होते. अशा स्पर्धांवर कर बसविणारा मुंबई राज्याचा १९४८ चा कायदा १९५२ मध्ये सुधारून राज्याबाहेर छापलेल्या पत्रांनाही लागू करण्यात आला. मग १९५५ मध्ये संसदेने संपूर्ण प्रश्नच हाती घेतला. त्या कायद्यातील ‘बक्षीस स्पर्धे’ची व्याख्या वाचण्याजोगी आहे: अक्षरे, शब्द अथवा आकडे यांची रचना, मांडणी, जुळणी किंवा क्रमबदल यांवर आधारलेले कोडे. अंकपाशाचे प्रकरण असे कायद्याच्या पुस्तकात शिरले! महिन्याला एकूण बक्षीस १,००० रुपयांहून अधिक नको आणि प्रवेशपत्रिका २,००० पेक्षा जास्त नकोत, अशा मर्यादा घालण्यात आल्या.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ एप्रिल १९५७ रोजी दोन निकाल लागले. प्रश्न मूलतः तोच होता, जो लेडी एलेनॉरच्या वेळी हशात विरून गेला होता: अक्षरांच्या राशीतून शब्द काढणे ही बुद्धी आहे की दैव? न्यायालयाने कोड्याचे अंतरंग तपासले. सूचनेला बसणारे दोन-दोन शब्द असत. त्यांतील योग्य कोणता हे भाषेच्या ज्ञानावरून ठरत नसून संपादकाकडील ठरलेल्या उत्तराशी जो जुळेल तो योग्य. म्हणजे कोडे सोडविणारा इंग्रजी भाषेशी झुंजत नव्हता, तर एका अनोळखी माणसाच्या मनातील निवडीचा नेम धरीत होता. हा जुगार आहे आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही, असा निर्णय झाला. परंतु दुसऱ्या निकालाने एक सूक्ष्म रेषाही आखून दिली: ज्या स्पर्धेतील यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून आहे तिला हा कायदा लागू नाही. ही रेषा पुढे भारतातील कितीतरी खेळांच्या वादांत आधाराला घेतली गेली. शब्दकोड्यांच्या त्या लाटेत किती संसारांचा पैसा वाहून गेला त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

कौशल्य म्हणजे नेमके काय, हे मात्र न्यायालयांनी नव्हे, गणकयंत्रांनी उलगडले. एक उदाहरण घ्यावे. खेळाडूच्या हातात सात सोंगट्या आहेत: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. त्या ५,०४० क्रमांनी मांडता येतात. सातांपैकी काहीच अक्षरे वापरून लहान शब्द करायचे म्हटले तर मांडण्यांची संख्या १३,६९९ होते. माणसाने किंवा यंत्राने त्या एकेक करून शब्दकोशात पडताळायच्या म्हटल्या तर तो हमालीचा मार्ग झाला. येथे रॉबर्ट हुकची रीत कामाला येते. शब्दकोशातील प्रत्येक शब्दाची अक्षरे आधीच वर्णानुक्रमाने लावून ठेवायची आणि त्या राशीखाली मूळ शब्द नोंदवायचा. मग हातातील अक्षरेही तशीच लावली की एकाच जागी पाहावे लागते. वरील सात अक्षरांच्या राशीखाली ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’, ‘नॅस्टियर’, ‘स्टेनर’, ‘स्टिअरिन’, ‘अँट्सियर’ आणि ‘रेट्सिना’ नावाची ग्रीक दारू असे शब्द एकमेकांना खेटून सापडतात. डोळ्याच्या पडद्यापासून मद्यापर्यंत अर्थाचा काडीचा संबंध नाही, अक्षरे तेवढी तीच. लहान शब्द हवे असतील तर सात अक्षरांचे केवळ १२७ गट पडतात, तेवढ्याच राशी पाहायच्या. १३,६९९ वरून १२७! बेल प्रयोगशाळेतील जॉन बेंटली याने १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या लेखांत ही युक्ती अशा सुबोधपणे मांडली की ती संगणकाच्या विद्यार्थ्यांच्या पाठातली होऊन बसली.

१९८८ मध्ये अँड्र्यू ॲपेल आणि गाय जेकबसन या दोघा अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी त्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांनी अवघा शब्दकोश एका जाळ्यात विणला. ज्या शब्दांचा आरंभ सारखा त्यांची वाट आरंभी एकच, ज्यांचा शेवट सारखा त्यांची वाट शेवटी एकच; मध्ये काय ते फाटे. हातातील अक्षरे घेऊन या जाळ्यातून चालत गेले की जी वाट शब्दापर्यंत पोहोचत नाही ती पहिल्या एक-दोन पावलांतच बंद होते. लहानशा यंत्रालाही मग पटावरील सर्व शक्य शब्द अल्पावधीत सापडू लागले. २००६ मध्ये टोरोंटो येथे ‘क्वॅकल’ नावाच्या संगणक-प्रणालीने माजी जगज्जेता डेव्हिड बॉइस याला पाच डावांच्या सामन्यात तीन विरुद्ध दोन असे हरविले. आरंभीचे दोन्ही डाव बॉइसने जिंकले होते.

माणसांनीही यंत्राची विद्या उचलली. स्पर्धेत उतरणारे खेळाडू शब्द पाठ करताना शब्दापासून आरंभ करीत नाहीत, वर्णानुक्रमाने लावलेल्या राशीपासून करतात. रास दिसली की शब्द आठवला पाहिजे. १९७८ मध्ये अमेरिकेत खेळाचा स्वतंत्र कोश निघाल्यापासून कोणता शब्द ग्राह्य याचा वाद कोशावर सोपविला गेला. कोशात शब्द आहे ना, मग त्याचा अर्थ विचारायचा नाही. इंग्रजीने जगभरातून जमविलेला शब्दांचा ऐवज या यादीत सारखाच पडून आहे. मराठीचे ‘मुंगूस’ इंग्रजांच्या जिभेवर ‘माँगूस’ झाले, तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’चा ‘बँडिकूट’ झाला. खेळाडूच्या लेखी ते मुंगूसही नव्हे नि घूसही नव्हे, आठ आणि नऊ अक्षरांच्या दोन राशी होत. भाषेच्या अभिमान्याला हे रुचणार नाही. पण लेडी एलेनॉरच्या काळी अक्षरांवर अर्थाचा जो असह्य भार टाकला जात होता, त्याच्या मानाने हा निर्विकारपणा पुष्कळ निरुपद्रवी म्हटला पाहिजे.

या निर्विकारपणाचे टोक नायजेल रिचर्ड्‌स या न्यूझीलंडच्या खेळाडूने गाठले. इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेतेपद त्याने २००७ मध्ये प्रथम जिंकले आणि नंतरही अनेकदा. त्याला फ्रेंच येत नाही. तरी २०१५ मध्ये सुमारे नऊ आठवडे फ्रेंच शब्दांची यादी वाचून तो बेल्जियममधील लूव्हाँ-ला-नव्ह येथे गेला आणि ज्यांची ती भाषा होती अशांना हरवून फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. शब्द त्याने हजारोंनी मांडले. प्रतिस्पर्ध्याचा चुकीचा शब्दही अचूक हेरला. पारितोषिक घेताना मात्र सभागृहाचे आभार मानण्यासाठी त्याला दुभाष्या लागला. २०२४ मध्ये तो स्पेनमधील ग्रॅनाडा येथे गेला आणि स्पॅनिश भाषेतील जागतिक स्पर्धाही जिंकून आला. स्पॅनिशही त्याला येत नव्हती.